झुंबरबाईची नक्कल

(कार्ड)
बोईसर, ता. २९ नोव्हेंबर १९६६

सुलूस,

आशीर्वाद. तुला तो नको असेल, पण कार्डाच्या डोक्यावर लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुझा बाप तुला गावी देवूकाकाच्या घरी सोडून काल परत आला. सगळ्या प्रवासात तू त्याच्याशी एक शब्द बोलली नाहीस म्हणे. बरं झालं. असंच तोंड मिटून राहा. हे आधी जमलं असतं तर आज अंबरनाथच्या घरी तुझं लग्न ठरलं असतं. मुलगा कारखान्यात कायम, राहायला दोन खोल्या, घरात नळ. आणि ते लोक तुला बघायला आले असताना तू मुलाच्या आत्याची नक्कल केलीस. झुंबरबाई दारातच उभी होती. पोह्यांची वाटसुद्धा न बघता तिनं सगळ्यांना उठवून नेलं. तुझ्या बापाची, माझ्या लेकाची, मान खाली गेली ती अजून वर आली नाही.

काकी सांगेल ते काम कर. तिथं कुणाच्या नकला करू नको. काका तुझ्यासाठी दुसरी जागा बघतो आहे. आता जी मिळेल तिला नाही म्हणायचं नाही.

सोजराबाई

(कार्ड)
बोईसर, ता. २२ डिसेंबर १९६६

सुलूस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. कार्ड पोचलंच नसेल म्हणावं तर देवूनं लिहिलंय, ‘आईचं कार्ड मिळालं. ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. आईचं तोंड अजून तसंच आहे.’ म्हणजे पोचलं.

इकडे चंपाषष्ठी झाली. भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला. इथली वांगी पाणचट. वाणगावच्या मिरच्या मात्र चांगल्या तिखट मिळाल्या. तुझ्या बापाला दोन पाळ्यांचं काम आहे. त्या विजेच्या कारखान्याच्या भिंती इतक्या जाड बांधतात की आत नक्की काय ठेवणार आहेत कोण जाणे.

डोंगराकडच्या पाड्यातली ठकी रोज फाटकाशी भेटते आणि विचारते, “पोर कुठं गेली तुजी? कवा येल?” तिला सांगितलं, पाहुणी गेली आहे.

एक गोष्ट लिहायची होती. ती कार्डावर मावणार नाही.

सोजराबाई

(पाकीट)
बोईसर, ता. ५ जानेवारी १९६७

सुलू,

हे पाकीट आहे. डिंकानं चिकटवलंय आणि वर भाताची शितं चोळलीत. फोडलेलं मिळालं तर समज की काकीनं फोडलं. आधीची दोन कार्डं ओट्यावर वाचली जाणार हे मला ठाऊक होतं. ओट्याला जे ऐकवायचं ते त्यांत लिहिलं. हे तुला लिहिते.

अक्षर बघून हसू नको, तूच शिकवलंस. मी दुसरीपर्यंत गेले होते, मग लग्न झालं आणि सगळं विसरले. रेशनच्या दुकानात मला अंगठा उठवताना बघून तू घरी येऊन म्हणाली होतीस, “आजी, इतकं बोलतीस आन् सही येत न्हाई?” त्या रागानं मी शिकले. तोंडानं हाय म्हणते, पण तू ‘आहे’ लिहायला शिकवलंस म्हणून आहे लिहिते.

आता गोष्ट. चंपाषष्ठीच्या दिवशी तुझा बाप जेवताना म्हणाला, “आमच्या हापिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसणारा गडी लग्नाला म्हणून गावी गेला, त्यो आलाच न्हाई. मोठं बाबू कावल्यात. मुंबैचा शेठ गुजरातीत बोलतो, गोरं साहेब इंग्रजीत, मुकादम हिंदीत, आन् बंदरावरची माणसं त्यांच्या बोलीत. बदली बसवलेल्याला एकाचं कळतं तर दुसऱ्याचं न्हाई. समदे फोनवर वरडत्यात.” आणि भाकरी मोडत हसून म्हणाला, “आपली नकलाकार हितं असती तर दिली असती नेऊन.”

तो गमतीनं बोलला. माझा घास हातात राहिला. तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं. रत्ना हल्ली माझ्याकडे बघत नाही, वाढते आणि जाते. त्या दिवशी बघितलं.

मग मी विचार करत बसले. माझं वय झालं पण डोकं अजून चालतं. पालघरच्या बाजारात गुजराती दुकानदाराशी तू त्याच्याच भाषेत भांडायचीस आणि तो खूश होऊन मूठभर जास्त घालायचा. गेल्या पावसाळ्यात ठकीच्या पोराला ताप होता, तेव्हा आपण तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर हिंदीत विचारत होता, ती सगळ्याला मान हलवत होती. पोराला उलटी झाली का, हो. झाली नाही का, हो. मग तू मध्ये उभी राहिलीस आणि त्या डोंगराकडच्या माणसांसारखी बोलायला लागलीस, तशीच लांबवत, तशीच मान तिरकी करून. ठकी पोराला विसरून तुझ्याकडे बघत राहिली. “तू आमच्या पाड्यातली हाय का गं?” म्हणाली. डॉक्टरला दोन मिनिटांत सगळं कळलं. आणि घरी येताना मी तुला काय सांगितलं? “त्यांच्यावाणी बोलू नगं, जिभेला वळण लागंल.” यातली मूर्ख कोण ते लिहायला नको.

तुझ्या बापानं शेजारच्या फोरमनची पोरगी मास्तरीण झालेली बघितली आणि ठरवलं, आपलीही मास्तरीण होणार. तुझ्याजवळ काय आहे हे बघितलंच नाही. गणितात मार्चला नापास झालीस, ऑक्टोबरला पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. मग म्हणाला, पोरगी आळशी आहे, लग्न करून टाकू. जिथं जायचं ते आधी ठरवायचं शेजाऱ्याचं बघून, आणि पोरीचे पाय तिकडे वळत नाहीत म्हणून पोरीला ओरडायचं.

पण मी तरी काय वेगळं केलं होतं? इथं आल्यावर पहिल्या पावसाळ्यात खोलीच्या मागं मी गावची बाजरी पेरली. चिंचणीची नर्मदा भाजी विकायला यायची, ती टोपली खाली ठेवून म्हणाली, “आजीबाय, ह्या पावसात बाजरी नाय व्हायची. भोपला लाव, पडवल लाव.” मी म्हणाले, “माझं बियाणं मला ठावं हाय, तू तुझी टोपली उचल.” बाजरी कमरेएवढी झाली, मी नर्मदेला बोलावून दाखवली. मग पाऊस थांबेचना. कणसं काळी पडली, बुडात कुजली. चिमणीला टाकायला दाणा मिळाला नाही. बाजरी चांगली होती, जमीनही चांगली होती. माझं डोकं तेवढं गावी राहिलं होतं.

तर परवा मी त्या विजेच्या कारखान्याच्या साईटवर गेले. फाटकावरच्या गुरख्यानं अडवलं. “माताजी, पास?” मी डबा वर केला. “लेकाचा डबा.” डबा रिकामा होता. आत जाऊन मोठ्या बाबूंना गाठलं. रामकिसनबाबू नाव, माणूस हिंदी मुलखातला पण आपली भाषा समजतो.

“मॅट्रिक पास है?”

“नापास.”

“किस में?”

“गणितात.”

“तो नहीं चलेगा, माँजी.”

मी म्हणाले, “फोनवर लोक पाढे इचारत्यात का?”

तो हसला. “नंबर तो याद रखने पड़ते हैं.”

“तिला आमच्या आळीतल्या तीन वर्षांच्या भांडणांतला शब्दन् शब्द याद हाय. कोण कोणाला काय म्हणालं, कसल्या आवाजात म्हणालं, समदं. तुमच्या नंबरांचं काय घिऊन बसलाव?”

शेजारचे कारकूनही हसायला लागले. मोठे बाबू म्हणाले, फेब्रुवारी संपायच्या आत आणा, एक दिवस बसवून बघू.

आता तुझं काम एवढंच. बापाला पत्र लिही. चुकले म्हण, माफी माग. त्या दिवशी स्वयंपाकाच्या जागी जे झालं ते झालं. तू नक्कल केलीस, आम्ही हसलो, झुंबरबाई दारात आली. मी तुला थोबाडीत दिली ती जरा जोरात बसली. तू माफी मागितलीस की तो विरघळेल, मी त्याला ओळखते.

लवकर लिही.

तुझी आजी

(पाकीट)
बोईसर, ता. २७ जानेवारी १९६७

सुलू,

तुझं पत्र आलं. तीन ओळी. ‘नक्कल करून दाखव असं कोण म्हणालं होतं? ते बाबांना सांगितलंस का? टेलिफोनवर बसायचं की नाही ते मी नंतर ठरवीन.’ वर आजी नाही, खाली नाव नाही.

पाच दिवस मी तुला मनात शिव्या दिल्या. एवढीशी पोर, मी पायपीट करून जागा शोधली आणि ही मला जाब विचारते. सहाव्या दिवशी शिव्या संपल्या.

तर लिहिते. तू लिहिलंस तेवढंच नाही, सगळं लिहिते.

पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले होते. झुंबरबाई मोठ्या शहरातल्यासारखं नाकातून बोलत होती. ती मूळची आपल्याच बाजूची, मी तिच्या आईला ओळखते. मला ते नाकातलं बोलणं सोसवेना. तू कप घेऊन आत आलीस. रत्ना पोहे परतत होती. मी म्हणाले, “सुले, कसं बोलतीया गं ती? करून दाव.” तू म्हणालीस, “नगं आजी, ऐकू जाईल.” मी म्हणाले, “मला बाहेरून नीट ऐकू आलं न्हाई. हळू कर, एकदाच.”

मग तू पदर नीट केलास, हनुवटी वर केलीस. “अय्या, आम्ही किनई चहा घेतच नाही, पण तुमचा आग्रह म्हणून हं, अर्धाच कप,” आणि मग तो चहा तोंडाला भाजल्यावर, “आगं आयाया, मेले की गं माय, भाजलं!” अगदी तसंच. तेच तोंड, तोच आवाज. मला हसू आवरेना. मी डब्याला धरून वाकले. तुझ्या आईनंसुद्धा तोंडाला पदर लावला. वर बघितलं तर झुंबरबाई दारात, हातात रिकामा कप.

आणि माझा हात उठला. तो तुझ्या गालावर पडला तेव्हा माझं हसू अजून ओठांवर होतं. ते तू बघितलंस. म्हणून तू रडली नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस.

पाहुणे गेल्यावर खंडेरावानं विचारलं, “आई, काय झालं?” मी म्हणाले, “तुझ्या पोरीची जीभ.” त्यानं दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. तू काही बोलली नाहीस. रत्ना बोलली नाही, कारण सुनेनं सासूची चूक नवऱ्याला सांगायची नाही हे लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच तिला शिकवलंय, आणि चांगलं शिकवलंय.

बापाला अजून सांगितलेलं नाही. का, तेही लिहिते. गावचं घर आता देवूचं. इथली खोली कंपनीची, ती खंडेरावाच्या नावावर. चूल रत्नाची. माझं इथं काय आहे? माझा शब्द आहे. आईनं सांगितलं म्हणजे तसंच, असं तुझा बाप लहानपणापासून मानतो. तो शब्दच खोटा होता हे त्याला कळलं तर मी कोपऱ्यात बसून भाकरी खाणारी म्हातारी उरते.

आयुष्यभर मी तोंडावर जगले. तुझे आजोबा गेले तेव्हा वाटणीच्या वेळी दिराला चार माणसांत गप्प केलं, मामलेदाराच्या कचेरीत उभी राहून बोलले. देवानं मला दुसरं काही दिलं नाही, रूप नाही, शिक्षण नाही, हे एक तोंड दिलं. त्याची मला घमेंड आहे. आणि ते दुसऱ्याचं काढायलाच चालतं, स्वतःचं सांगायला निघाले की टाळूला चिकटतं. तीनदा खंडेरावाला हाक मारली. तीनदा म्हणाले, “काय न्हाई, पाणी दे.” आता तो विचारतो, आई, तुला सारखी तहान का लागते?

तू थांब थोडी.

तुझी आजी

(हातोहात)
बोईसर, ता. १२ फेब्रुवारी १९६७, रविवार

सुलू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझा बाप उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय, त्याच्याकडे देते. त्यानं वाचलं तरी चालेल.

काल देवूचं कार्ड आलं. येत्या शुक्रवारी सुपारी फोडायची, म्हणजे तुझं लग्न पक्कं करायचं, असं त्यानं ठरवलंय. कार्ड पाळीवरून आल्यावर बापानं वाचलं नाही, आज दुपारी जेवताना वाचलं, मोठ्यानं. मुलगा शांत आहे, विहीर आहे, बैलजोडी आहे. आणि पुढं देवूनं कौतुकानं लिहिलंय, ‘घर फार वळणाचं. चार सुना आहेत, पण सुनेचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर आलेला नाही. सासू स्वतः सांगते, आमच्यात सुना खुणेनं बोलतात. आपल्या सुलूला हेच घर पाहिजे.’

बाप म्हणाला, “झ्याक झालं.”

माझ्या डोळ्यापुढं तू आलीस, खुणेनं मीठ मागणारी. मी ताट सरकवलं.

“खंड्या, त्या दिवशी नक्कल कर असं तिला म्या म्हणाले.”

त्याला कळलं नाही. “कुठल्या दिवशी?”

“झुंबरबाई आली त्या दिवशी. पोरगी नगं म्हणत हुती. म्या करायला लावली. समद्यात जास्त म्याच हसले. आन् बाई दारात दिसली तशी म्याच तिला मारलं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “म्हंजे म्या पोरीला उगाच हाकललं?”

“व्हय.”

मग तो तुझ्या आईकडे वळला. “तुला ठावं हुतं?”

रत्ना म्हणाली, “मला कुणी इचारलं?” एवढंच म्हणाली. ओरडली नाही. पण इतक्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मग परात बाजूला ठेवून म्हणाली, “आता इचारलंय तर सांगते. तीन महिनं झालं, माझी पोर दुसऱ्याच्या घरी भांडी घासती, आन् म्या ह्या घरात दोघांना वाढते. शुक्रवारी सुपारी फुटली तर म्या परत ह्या चुलीपुढं बसायची न्हाई.”

तुझ्या बापानं अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतला. बाहेर जाऊन सायकलची साखळी काढली, घासली, तेल दिलं, पुन्हा चढवली. साखळीला काही झालं नव्हतं. तासाभरानं आत येऊन म्हणाला, “उद्या निघतो.” माझ्याकडे बघून नाही म्हणाला. उद्याही बघेल असं वाटत नाही. ते माझं मी बघते.

आता तुला सांगायचं ते. तिथं पोचल्यावर तो तुला विचारेल, यायचं का. मी त्याला बजावलंय की सांगायचं नाही, विचारायचं. टेलिफोनचंही विचारेल. ती जागा माझ्या डोक्यातून निघालीय. तुझ्या बापानं मास्तरीण ठरवली, मी टेलिफोन ठरवला, यात तुझं काय? तुला जमेल असं मला वाटतं, पण मला तर बाजरी पण येईल असं वाटलं होतं. तुझ्याजवळ जे आहे त्याचं काय करायचं ते तू सांग.

आणि एक. तुला काही विचारलं की तू कुणाच्या तरी आवाजात उत्तर देतेस. लाडात आलीस की आईच्या, रागावलीस की माझ्या, टाळायचं असलं की शाळेतल्या बाईंच्या. बाप विचारेल तेव्हा तसं करू नको. नाही म्हणायचं असलं तरी साधं नाही म्हण. त्याला ते समजेल. नाही समजलं तर समजेपर्यंत म्हण.

माफी मागायची ती तू नाही, मी. ते लिहायची मला सवय नाही, म्हणून इतकंच लिहिते.

तुझी आजी

(ट्रंकेवर ठेवलेलं)
बोईसर, आपलीच खोली, ता. ९ मार्च १९६७, दुपार

सुलू,

एकाच खोलीत राहून पत्र लिहायची वेळ कुणावर आली नसेल. पण तू येऊन तीन आठवडे झाले. बापाशी बोलतेस, आईशी हसतेस, ठकीशी फाटकावर तासभर तिच्या बोलीत बोलतेस. मला फक्त हं. आजी जेवली का, हेसुद्धा आईला विचारतेस. तुझं बरोबर आहे. मी तक्रार करत नाही, नोंद केली.

मला जे कळतं ते दुसऱ्यांकडून. बाप सांगतो की काकाच्या ओट्यावर चार माणसांसमोर त्यानं विचारलं, आणि तू म्हणालीस, “येते. पण मास्तरीण व्हायचं न्हाई, आन् कुणी सांगितलं म्हणून परीक्षेला बसायचं न्हाई.” काकी म्हणाली, बघा हिचं तोंड. बाप म्हणाला, “बघितलं. चांगलं हाय.” हे मला सांगताना तो तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. मी दुसरीकडे बघितलं.

रामकिसनबाबूंनी त्याला सांगितलंय की तू बोर्डावर बसलीस त्या पहिल्याच दिवशी मुंबईच्या शेठनं विचारलं, ही आमच्याकडची कुठल्या गावची मुलगी? गोऱ्या साहेबांचं इंग्रजी तू त्यांच्यासारखंच परत म्हणतेस, अर्थ नंतर विचारतेस. आणि आई सांगते की दोन वर्षांनी तुला सरकारी टेलिफोनमध्ये जायचंय, मुंबईला. त्याला मॅट्रिक लागतं असं कळलं तेव्हा तू स्वतः जाऊन गणिताची वही आणलीस. बाप दोन वर्षं ओरडला तेव्हा ती ट्रंकेच्या तळाशी होती. आता रोज चहाच्या आधी दोन गणितं करतेस आणि चुकली की स्वतःलाच शिव्या देतेस. त्या शिव्या माझ्या आहेत, तेवढं ओळखलं.

आता आजचं.

सकाळी मी स्टेशनजवळच्या गवताच्या वखारीत गेले. तिथं फोन आहे. वखारीचा मुनीम ओळखीचा आहे. म्हणाला, “आजी, कुणाशी बोलायचंय?”

“साईटच्या बोर्डाशी.”

“बोर्डावरून पुढे कुणाला जोडून हवंय?”

“पुढं कुणालाच न्हाई. बोर्डाशीच.”

त्यानं डोकं खाजवलं, पण लावून दिला. मी ते यंत्र आधी उलटं धरलं. त्यानं सरळ करून दिलं. आत समुद्रासारखा आवाज येत होता, आणि मग कुणीतरी म्हणालं, “हॅलो, साईट ऑफिस. कोण हवंय आपल्याला?”

मी तो आवाज ओळखला नाही. माझा नव्हता, तुझ्या आईचा नव्हता, बाईंचा नव्हता. कुणाचीच नक्कल नव्हती. जरासा जाड, सरळ, घाई नसलेला. मला वाटलं दुसरीच कुणी बसलीय. तू पुन्हा विचारलंस, मग हिंदीत, मग गुजरातीत, आणि तिन्ही भाषांत तो आवाज तोच राहिला. तेव्हा कळलं.

मी बोलायला आले होते. वाटभर वाक्यं जुळवली होती. एक आलं नाही. मामलेदारापुढं बोललेली मी, तोंड उघडून नुसती उभी. मुनीम माझ्याकडे बघतोय. मी नुसता श्वास घेत होते, तोही हळू.

मग तू खालच्या आवाजात म्हणालीस, “आजी, लाइन अडवून ठेवू नकोस. घरी आल्यावर बोलू.” आणि खट् झालं.

मी एक अक्षर बोलले नव्हते. तुला कसं कळलं ते मी विचारणार नाही. मुनीम म्हणाला, “झालं बोलणं?” मी म्हणाले, “झालं.”

तू यायला अजून दोन तास आहेत. तुझी आई चिंचणीला मासळी आणायला गेलीय, म्हणजे घरात आपण दोघीच. काय बोलायचं ते मी पुन्हा जुळवायला बसले होते, सोडून दिलं. आधी तू बोल. चांगलं-वाईट जे असेल ते, संपेपर्यंत. मी मध्ये तोंड घालणार नाही. असलं काम मला कधी जमलेलं नाही, तेव्हा एकदोनदा चुकलं तर हात वर कर, मी थांबेन.

तुझी आजी